सर्किटचा आराखडा काढण्याचे सॉफ्टवेअर : छोट्या उद्योगाने निवड कशी करावी?



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडत असतो. या अंकातील विषय थोडा निराळा आहे. म्हणून अगोदर त्याचे कारण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका गट कार्यालयात आपला खोडवा मेळावा झाला. मेळावा उरकल्यावर एक वयस्कर सभासद मागे थांबले. म्हणाले, "साहेब, थोरला पोरगा मोटारीचे ऑटो स्टार्टर बनवतोय. सर्किट काढायचं सॉफ्टवेअर भाड्यानं घ्यायचंय, उसाच्या बिलातनं पैसे द्या म्हणतोय. तीन वर्सामागं एकदा दिले होते. आता पुन्हा? जमीन खंडानं केल्यागत दरसाल द्यायचं असतंय व्हय हे?"

मी म्हणालो, "तात्या, मी शेतकीचा पदविकाधारक. यातलं मला कळत नाही. पण माहिती काढतो."

त्यानंतर मी त्यांच्या मुलाच्या वर्कशॉपवर जाऊन आलो. आपल्या भागात पॅनेल आणि स्टार्टर बनविणाऱ्या आणखी दोन वर्कशॉपमध्येही बसलो, संगणकावर काम कसे चालते ते स्वतः पाहिले. आज अनेक सभासदांची मुले-मुली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून गावातच दोन-चार माणसांचा धंदा टाकत आहेत. त्यात पैसा बहुधा घरच्या उसाचाच असतो. तेव्हा तो कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे बापालाही समजले पाहिजे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आराखडा म्हणजे काय?

आपल्या विहिरीवरचा ऑटो स्टार्टर उघडला तर आत एक हिरवी पट्टी दिसते. तिला पीसीबी म्हणतात. तिन्ही फेज आले की नाहीत ते पाहणारा भाग, मोटार चालू-बंद करणारा रिले, मोबाईलवर संदेश देणारे मॉड्यूल आणि या सर्वांना हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर असे सुटे भाग तिच्यावर बसविलेले असतात.

ही पट्टी बनविण्यापूर्वी कोणता भाग कोणाला जोडला आहे, याचे एक चित्र काढावे लागते. त्यालाच सर्किटचा आराखडा किंवा स्किमॅटिक म्हणतात. भाग पट्टीवर कोठे बसणार हे त्यात नसते, फक्त जोडणी असते. पाइपलाइनचा कच्चा नकाशा काढताना आपण कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनवर एवढेच दाखवितो, बांध कोठे वळतो ते दाखवीत नाही, तसेच हे आहे.

सॉफ्टवेअर या चित्रातून पुढची कामे करून देते. सर्व जोडण्यांची यादी तयार होते. प्रत्येक भागाला पट्टीवर किती जागा व कोठे भोके लागतील ते ठरते, त्याला फुटप्रिंट म्हणतात. मग पट्टीवरील तांब्याचे मार्ग आखता येतात. शेवटी पीसीबी बनविणाऱ्याकडे पाठवावयाच्या गर्बर नावाच्या फायली आणि बाजारातून आणावयाच्या सुट्या भागांची यादी निघते.

शिवाय सॉफ्टवेअर तपासणीही करते. एखादे टोक जोडायचे राहिले, किंवा दोन आउटपुट एकमेकांना भिडले, तर ते खूण करून दाखविते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमचा चिटबॉय नोंद घेताना गट नंबर आणि लागणीची तारीख तपासतो, पण त्यावरून ऊस चांगला येईल याची हमी मिळत नाही. त्याप्रमाणे ही तपासणी जोडणीतील उघड चुका पकडते, सर्किटमागचा विचारच चुकला असेल तर ते तिला कळत नाही.

त्या वर्कशॉपमध्ये काय घडले?

तात्यांच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचे सॉफ्टवेअर वार्षिक भाड्याने घेतले होते. त्यावर स्टार्टरची पट्टी तयार केली. संच चांगले चालले, आसपासच्या विहिरींवर बसले. पुढच्या वर्षी हाताशी पैसा नव्हता. पट्टी तर तयार झाली आहे, आता सॉफ्टवेअरचे काय काम, असे म्हणून त्याने भाडे भरले नाही.

वर्षभराने जुने टू-जी मॉड्यूल बाजारात मिळेनासे झाले आणि गिऱ्हाईक फोर-जी सिमवर चालणारा संच मागू लागले. नव्या मॉड्यूलची पिनांची मांडणी वेगळी, त्याला लागणारा वीजपुरवठाही वेगळा. म्हणजे पट्टी बदलणे भाग होते. फाईल संगणकात सुखरूप होती, पण भाडे संपल्यामुळे प्रोग्राम तिला हात लावू देईना. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती फाईल वाचता येईना. आराखड्याची छापील प्रतसुद्धा काढून ठेवलेली नव्हती.

हे सर्व ऐन मार्च महिन्यात घडले. शेवटी जुनी पट्टी समोर ठेवून, मीटर लावून, एकेक जोडणी शोधून आराखडा पुन्हा काढावा लागला. त्यात एक महिना गेला. दोन मोठ्या मागण्या दुसरीकडे गेल्या. ज्यांचे संच बंद पडले होते ते सभासद रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन विहिरीवर जात राहिले. त्या मुलाची हुशारी कमी पडली नव्हती. त्याने काढलेले चित्र त्याचे होते, पण ते उघडण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न किमतीचा नाही. आजपासून पाच-सात वर्षांनी, एक पैसाही न भरता, माझी फाईल मला उघडता येईल काय, हा पहिला प्रश्न आहे.

बाजारात काय काय मिळते?

१) मोफत व खुले सॉफ्टवेअर : यात किकॅड हे प्रमुख नाव आहे. फ्रान्समधील ज्याँ-पियेर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केले. पुढे जिनिव्हाजवळील सर्न या जगप्रसिद्ध अणुसंशोधन संस्थेने २०१३ पासून त्याच्या विकासाला हातभार लावला. ते विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. धंद्यासाठी वापरले तरी पैसे पडत नाहीत, आणि पट्टीचा आकार किंवा आराखड्याची पाने यांवर विक्रीसाठी घातलेली मर्यादा नाही. त्याच्या फायली साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. प्रोग्रामचा मूळ मजकूरही सर्वांना खुला आहे, त्यामुळे उद्या कोणी तो मागे घेऊ शकत नाही.

त्याची उणी बाजूही सांगतो. अडचण आली तर फोन करायला विक्रेता नसतो. मदत पाहिजे तर पैसे मोजून जाणकार माणूस गाठावा लागतो, नाही तर स्वतः वाचून शिकावे लागते. शिवाय २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दरवर्षी नवी मोठी आवृत्ती आली. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाईल जुनीत उघडत नाही. म्हणून वर्कशॉपमधील सर्व संगणकांवर एकच आवृत्ती ठेवावी, आणि चालू काम पुरे झाल्याशिवाय बदलू नये.

२) भाड्याचे सॉफ्टवेअर : याचा इतिहास समजण्यासाठी ईगलचे उदाहरण पुरेसे आहे. जर्मनीतील कॅडसॉफ्ट कंपनीने १९८८ मध्ये ते बाजारात आणले. पैसे एकदाच भरून कायमचा परवाना मिळे, म्हणून जगभर छोट्या उद्योगांनी ते उचलले. २०१६ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतले आणि जानेवारी २०१७ पासून भाड्याची पद्धत सुरू केली. पुढे २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर ईगलची विक्री व आधार राहणार नाही, ते काम कंपनीच्या फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावे.

यात कोणी कोणाला फसविले असे नाही. ज्याचा माल त्याने ठरविले. पण ज्यांचे वीस-वीस वर्षांचे आराखडे ईगलमध्ये होते त्यांना एका गोष्टीने तारले. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फायली वाचता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात होत्या. त्यामुळे किकॅडसारख्या इतर सॉफ्टवेअरला त्या आत घेता येतात. फाईल वाचता येण्याजोगी असेल तर कंपनी विकली गेली तरी आपले काम टिकते. या सगळ्या प्रकरणातील मुख्य धडा हाच आहे.

३) मोठ्या उद्योगांची सॉफ्टवेअरे : ऑल्टियम डिझायनर आणि ऑर्कॅड ही यातील ठळक नावे. ऑल्टियमचा उगम १९८५ साली ऑस्ट्रेलियातील टास्मानियात प्रोटेल या नावाने झाला, आणि २०२४ मध्ये जपानच्या रेनेसास कंपनीने ती कंपनी विकत घेतली. ऑर्कॅड १९९९ पासून कॅडेन्सकडे आहे. अनेक थरांच्या पट्ट्या, अतिवेगवान सिग्नल, दहा-वीस इंजिनिअर एकाच आराखड्यावर, अशा कामाला ही साधने फार चांगली आहेत. दोन थरांच्या स्टार्टरच्या पट्टीसाठी ती घेणे म्हणजे वीस गुंठ्यांच्या तुकड्याला हार्वेस्टर विकत घेण्यासारखे होईल.

४) ब्राउझरमधून चालणारे सॉफ्टवेअर : चीनमधील शेन्झेन येथील इझीईडीए हे याचे उदाहरण. आराखडा काढला की तेथूनच जेएलसीपीसीबी या कारखान्याकडे पट्ट्यांची मागणी देता येते, आणि सुट्या भागांचे फुटप्रिंट तयार मिळतात. नवशिक्याला हे फार सोयीचे वाटते. त्याची संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्तीही आहे. तथापि त्यातील भागांची यादी मुख्यतः एकाच दुकानाला बांधलेली असते. मागविलेल्या मालावर कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च येतो. ब्राउझरमध्ये काम केल्यास मूळ फाईल दुसऱ्याच्या संगणकावर राहते. रेंज गेली की काम थांबते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. वापरायचेच असेल तर दर आठवड्याला फाईल आपल्याकडे उतरवून ठेवावी.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

येथे मी मुद्दामच किमती देत नाही, कारण त्या बदलत असतात. विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात. हिशेबाची पद्धत मात्र सांगतो. समजा भाडे वर्षाला २०,००० रुपये आहे आणि दोन संगणक आहेत. वर्षाचे झाले ४०,००० आणि पाच वर्षांचे २ लाख. एका संचामागे सर्व खर्च जाता ४०० रुपये सुटतात असे धरले, तर दरवर्षी पहिले १०० संच केवळ भाड्यासाठी विकावे लागतील. वर्षाला दीडशे संच विकणाऱ्याला हे झेपणार नाही. दोन हजार विकणाऱ्याला ते जाणवणारही नाही. म्हणून भाडे वाईट की चांगले हे सॉफ्टवेअरकडे पाहून ठरत नाही, आपल्या विक्रीकडे पाहून ठरते.

मोफत सॉफ्टवेअरचाही खर्च असतोच. शिकण्यात महिना-दीड महिना जातो. त्या काळात घरखर्च कसा चालणार ते आधी ठरवावे.

चोरून उतरविलेली प्रत हा तिसरा मार्ग काही मुले धरतात. तो धरू नये. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यास किमान सात दिवस ते तीन वर्षेपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. असल्या प्रतीबरोबर व्हायरसही येतो, आणि व्हायरसने फायली नेल्या तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

निवडीपूर्वी करून पाहावयाच्या गोष्टी

एक : आपले काम लिहून काढावे. पट्टीचे थर किती, सुटे भाग किती, वर्षात नवे आराखडे किती. शेजारच्या तालुक्यातील वर्कशॉपने काय घेतले यावर जाऊ नये. बेण्याची जात निवडताना आपण जमीन आणि पाणी आधी पाहतो, तसेच येथे आहे.

दोन : स्वतःचीच एक चालू पट्टी घेऊन ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून काढून पाहावी. विक्रेत्याने दाखविलेल्या तयार नमुन्यावर भुलू नये. पंधरा दिवसांत अडचणी कळतात.

तीन : फुटप्रिंटवर आंधळा विश्वास ठेवू नये. स्टार्टरमध्ये तो छोटा निळा चौकोनी रिले असतो ना, त्याला बाजारात 'शुगर क्यूब' म्हणजे साखरेचा चौकोनी खडा म्हणतात! असे रिले दिसायला सारखे, पण बनावट बदलली की पिनांमध्ये फरक असू शकतो. त्यासाठी सोपा उपाय आहे. पट्टीचे चित्र कागदावर मूळ मापात छापावे आणि खरे भाग त्यावर ठेवून पाहावेत. पीसीबी येण्याअगोदरच दोन रुपयांच्या कागदावर चूक सापडते.

चार : दुसऱ्या संगणकावर, जेथे आपला परवाना नाही अशा ठिकाणी, आपली फाईल घेऊन जावी. ती किमान पाहता येते का, दुसरे सॉफ्टवेअर ती आत घेते का, हे तपासावे. आत घेतली तरी फुटप्रिंट, जोडण्या आणि मजकूर पुन्हा हाताने तपासावे लागतात.

पाच : माणसांचा विचार करावा. काम करणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तर दुसरा कोण बसणार? जवळच्या पॉलिटेक्निकमधील मुलांना काय येते याची चौकशी करावी.

सहा : एकदा निवड केली की ऐन हंगामात बदलू नये. गाळप चालू असताना आपण मिलचा रोलर हौसेने बदलत नाही.

फायली जपणे

सॉफ्टवेअर कोणतेही असो, हे नियम पाळावेत. आराखडा पक्का झाला की त्याची पीडीएफ, सुट्या भागांची यादी आणि गर्बर फायली एकत्र ठेवाव्यात. पट्टीवर आवृत्तीचा क्रमांक व तारीख छापावी, म्हणजे दुरुस्तीला आलेला संच कोणत्या आराखड्याचा ते लगेच कळते. सर्व फायलींच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतील एक वर्कशॉपबाहेर, दुसऱ्या घरात असावी. आराखड्याची एक छापील प्रत कपाटात ठेवावी. तात्यांच्या मुलाकडे एवढी एक प्रत असती तर त्याचे निम्मे दिवस वाचले असते.

काही सभासदांची मुले आराखडा शहरातील जाणकाराकडून पैसे देऊन काढून घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र ठरावातच लिहून घ्यावे की मूळ आराखड्याची व पट्टीची फाईल आपल्याला मिळेल. नुसत्या गर्बर फायली घेऊन चालत नाही. त्यांवरून पट्टी पुन्हा बनविता येते, पण त्यांच्यातून आराखडा सरळ परत मिळत नाही. साखरेपासून ऊस उगवत नाही, त्याला बेणेच लागते. मूळ फाईल हे बेणे आहे.

आणखी एक सावधगिरी. स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट खेळतात. जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या मार्गांत किती अंतर हवे हे सॉफ्टवेअरला आपण सांगावे लागते. ते सांगितले तरच ते तपासते. विहिरीवर पाय ओले असतात, बटणाला हात लावणारा आपलाच माणूस असतो. पहिली पट्टी अनुभवी माणसाला दाखविल्याशिवाय शेतावर नेऊ नये.

शेवटी

तात्यांना मी जे सांगितले तेच येथे लिहितो. दोन ते पाच माणसांचा धंदा, दोन थरांची पट्टी, वर्षाला दोन-चार नवे आराखडे, असे काम असेल तर किकॅडपासून सुरुवात करावी आणि उसाच्या बिलातले पैसे चांगला मीटर, टेस्ट बेंच आणि सुट्या भागांचा साठा यांत घालावेत. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने अमुकच सॉफ्टवेअरमधील फाईल पाहिजे असा आग्रह धरला, तर त्या कामापुरता एक परवाना भाड्याने घ्यावा, आणि त्याचे भाडे त्या कामाच्या दरात धरावे. काम संपण्याआधी सर्व फायली दुसऱ्या स्वरूपातही काढून ठेवाव्यात.

त्या मुलाने मीटर लावून शोधलेला आराखडा किकॅडमध्येच काढला. नव्या पट्टीचे संच या हंगामात बसू लागले आहेत. वर्कशॉपच्या भिंतीवर त्याने आराखड्याची छापील प्रत फ्रेम करून लावली आहे. मी गेलो तेव्हा तात्या तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, ह्यातलं मला एक अक्षर कळत नाही. पण आता ते आपलं हाय, एवढं कळतंय."

ज्या सभासदांच्या घरी असा धंदा आहे किंवा सुरू होणार आहे, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. पुरेशी नावे आली तर या तिन्ही वर्कशॉपमधील मुलांना एक दिवस बोलावून प्रात्यक्षिक ठेवण्याचा विचार आहे. येताना आपल्या संचाची एक पट्टी बरोबर आणावी.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग